डाव मोडणाऱ्याचे काय करावे?

'रडीचा डाव' हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला आहे की राजकारणावरच्या अग्रलेखांतही तो सहज येऊन बसतो. मुळात तो अंगणातला आहे. बाद झाल्यावर बाद न मानणारा, हरू लागताच खेळ विस्कटणारा, अंगावर राज्य आले की घरी पळणारा भिडू प्रत्येक पिढीत असतो. आणि त्याचे काय करावे, हा प्रश्न उरलेल्या भिडूंना दर पिढीत नव्याने सोडवावा लागतो. तो बहुधा मोठ्या माणसांना न विचारता सोडवला जातो. त्यातून जे नियम निपजतात ते कोणी लिहून ठेवत नाही, तरी सारे पाळतात.

आमच्या वाशिम जिल्ह्यात, रिसोड-मालेगावपासून मानोरा-कारंज्यापर्यंत, हा प्रश्न आता मोबाइलच्या पडद्यावर पोचला आहे. चौघांचा चमू करून खेळायच्या लढाईच्या खेळात ऐन वेळी कोणी निघून जातो, कोणी आपल्याच गड्याला मुद्दाम मारतो, कोणी माइकवरून शिव्या घालतो, कोणी दुसऱ्यांनी मिळवलेली सामग्री एकट्याने लाटतो. अशांसाठी आमच्या विद्यार्थ्यांनी स्वतःच दंड ठरवून घेतलेले आम्ही ऐकले आहेत : पुढचे दोन डाव त्याला घ्यायचे नाही, किंवा घेतलेच तर सामग्री सर्वांत शेवटी त्याने उचलायची. खेळ तयार करणाऱ्या कंपनीला या कायद्याची वार्ताही नसते. हा कायदा कोणत्या परंपरेत बसतो, याचा शोध घेण्याचा प्रयत्न या लेखात करीत आहोत. साहित्याच्या अभ्यासकांनी या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. पण या शोधाचा पहिला मुक्काम एका नाटकातच आहे.

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चा दुसरा अंक वाचकांना आठवत असेल. संवाहक नावाचा एक हातपाय चोळणारा गडी दहा सुवर्णमुद्रा हरला आहे आणि पैसे न देता अड्ड्यावरून पळाला आहे. जुगाराच्या अड्ड्याचा चालक माथुर आणि जिंकलेला जुगारी त्याच्या मागावर आहेत. संवाहक उलट्या पावलांनी चालत एका ओसाड देवळात शिरतो आणि मूर्ती होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे चाणाक्ष आहेत. ते तिथेच, त्याच्यासमोर, फासे टाकू लागतात. फाशांचा आवाज कानी पडताच संवाहकाच्या जिवाची तगमग होते आणि अखेर ही मूर्ती आपला डाव आहे असे म्हणत पुढे येते. प्रेक्षक या प्रसंगाला हसतो. पुढे मारहाण होते, आणि मग माथुर त्याला सांगतो की तू 'द्यूतकरमंडली'ने बांधलेला आहेस. मार खाऊनही टाळाटाळ करणारा संवाहक या शब्दांनी मात्र हादरतो. हा आम्हां जुगाऱ्यांचा न ओलांडता येणारा नियम आहे, असे तो स्वतःच कबूल करतो.

या मंडलीचा अर्थ जुगाऱ्यांचा संघ असाही घेता येतो आणि जमिनीवर आखलेले वर्तुळ असाही. आम्हांस दोन्ही अर्थ एकत्र हवेसे वाटतात, कारण आपल्या 'मंडळ' आणि 'मंडळी' या शब्दांत रेघ आणि माणसे दोन्ही आहेत. महत्त्वाचे हे की हा नियम राजाचा नाही. नाटकात उज्जयिनीला राजा आहे, त्याचा न्यायाधिकारी नवव्या अंकात प्रत्यक्ष भेटतो. पण दहा मुद्रांच्या या तंट्यात त्याच्याकडे कोणी जात नाही. खेळणाऱ्यांनी नियम केला, तो मोडणाऱ्याला खेळणाऱ्यांनीच गाठले, आणि मोडणाऱ्यानेही त्या नियमाचा अधिकार मान्य केला.

याच्या शेजारी कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' ठेवून पाहावे. तिथे जुगारावर द्यूताध्यक्ष नेमलेला आहे. जुगार त्याच्या देखरेखीखाली एकाच ठिकाणी चालला पाहिजे. अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पणांचा दंड. जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच अध्यक्षाने घ्यायचे. फासे तोच पुरवणार, आणि ते बदलून लबाडी करणाऱ्यालाही दंड होणार. इथे लबाडाला शिक्षा आहे, पण ती देणारा खेळत नाही. तो खेळाचा मालक आहे आणि खेळ चालण्यात त्याचे उत्पन्न आहे. खेळाच्या न्यायाची दोन घराणी अशी जुन्या वाङ्मयातच शेजारी नांदताना दिसतात : एक मंडळीचे, दुसरे मालकाचे. पुढचा सारा इतिहास या दोहोंच्या ओढाताणीचा आहे.

आपल्या मैदानी खेळांत मंडळीचे घराणे फार काळ टिकले. लपंडाव किंवा शिवाशिवी खेळताना ज्याच्यावर पकडण्याची पाळी येते त्याच्यावर 'राज्य' आले, असे आपण म्हणतो. जे टाळण्यासाठी सगळे धावतात त्याला राज्य म्हणावे, यात मराठी पोरांचा केवढा मिस्कीलपणा आहे! पण त्यात न्यायाची एक कल्पनाही आहे. चुकणाऱ्याला खेळाबाहेर काढत नाहीत. त्याला खेळातले सर्वांत कष्टाचे काम देतात. त्याने ते निभावले की राज्य उतरते आणि दुसऱ्यावर जाते. लहानग्याला 'लिंबूटिंबू' म्हणून खेळात घेतात : तो धावेल, ओरडेल, पण बाद झाला तरी धरायचे नाही. रडीचा डाव खेळणाऱ्याला चिडवतात, त्याच्याशी कट्टी करतात. पण कट्टीनंतर बट्टी होते. ही सगळी शिक्षापद्धती एका साध्या गरजेवर उभी आहे. गल्लीत मुळात आठ-दहाच गडी असतात. एकाला कायमचे काढले तर उद्या आट्यापाट्यांच्या पाट्या अडवायला माणूस कुठून आणायचा?

हुतुतूच्या जुन्या प्रकारांत हा विचार आणखी स्पष्ट होतो. ज्याला आपण आता कबड्डी म्हणतो त्याचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार प्रसिद्ध आहेत. संजीवनीत बाद झालेला गडी बाहेर बसतो, पण त्याच्या बाजूने विरुद्ध पक्षाचा गडी मारला की तो पुन्हा जिवंत होतो. गामिनीत गेला तो गेला; त्याची सगळी फळी संपेपर्यंत त्याला परत येणे नाही. अमरमध्ये गडी मैदान सोडतच नाही; त्याच्या बाद होण्याचा गुण फक्त समोरच्याच्या खात्यावर मांडला जातो. बाद होणे हा काही अपराध नव्हे, हे खरेच. तरीही खेळाबाहेर गेलेल्या माणसाचे पुढे काय, या प्रश्नाची याहून नेमकी तीन उत्तरे आम्हांला दुसरीकडे सापडली नाहीत : परत आणा, परत आणू नका, आणि मुळात बाहेर काढूच नका, हिशेब तेवढा ठेवा. ती देणारी नावे कुणा पंडिताने परदेशी ग्रंथ पाहून पाडलेली नाहीत.

विसाव्या शतकाच्या आरंभी या खेळांना लिखित नियम मिळाले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधले. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतुतूचे सामने भरवले. आमच्या वऱ्हाडात वैद्य बंधूंनी अमरावतीला १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला, आणि त्याच मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक जगापुढे मांडले. नियम लिहिले गेल्यामुळे गावागावांतले गडी परस्परांशी खेळू शकले, हा लाभ लहान नाही. सातारचा गडी आणि अमरावतीचा गडी एका मैदानात उतरायचे तर कुठला हुतुतू खेळायचा हे आधी ठरलेले हवे. तीन प्रकारांपैकी संजीवनीच मुख्यत्वे पुढे चालली, हीही समाधानाची गोष्ट. पण त्याबरोबर दंडाचा अधिकार गड्यांच्या हातून पंचांच्या हाती गेला. आजच्या कबड्डीत हिरवे कार्ड म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटे बाहेर आणि लाल म्हणजे त्या सामन्यातून रजा. खेळाडूने हुज्जत घातली तर प्रतिपक्षाला ती माफ करता येत नाही. गल्लीत मात्र 'जाऊ दे, पुन्हा घे' असे म्हणण्याचा हक्क ज्याचे नुकसान झाले त्यालाच होता.

आता संगणकाच्या जाळ्यावरील खेळांकडे वळू. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' नावाचा खेळ रचला. त्यात चित्रे नव्हती. सगळे जग शब्दांचे होते. याच कुळातले 'लॅम्डामू' हे शब्दविश्व पावेल कर्टिस यांनी १९९० मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात उभारले. त्याच्या चालकांना 'विझर्ड', म्हणजे मांत्रिक, म्हणत. रहिवाशांच्या भांडणांचा निवाडा करून थकलेल्या कर्टिस यांनी १९९२ च्या अखेरीस जाहीर केले की यापुढे मांत्रिक केवळ यंत्र सांभाळतील, सामाजिक निर्णय रहिवाशांनी घ्यावेत. मालकाने राज्य खाली ठेवले, पण मंडळीने ते अजून उचलले नव्हते.

मधल्या काही महिन्यांतच, १९९३ च्या वसंतात, 'मिस्टर बंगल' असे नाव धारण करणाऱ्या एका खेळाडूने एका युक्तीने इतरांच्या पात्रांचा ताबा घेतला आणि भरल्या दिवाणखान्यात त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराची वर्णने लादली. सारे काही शब्दांतच घडले. पण पीडित खेळाडूंचे दुःख शाब्दिक नव्हते. रहिवाशांची सभा भरली. तीसेक जण तासन्‌तास बोलत राहिले. त्याला नाहीसे करावे की नाही, तो अधिकार कोणाचा, शब्दांनी केलेला अपराध हा अपराध आहे काय, यावर एकमत झाले नाही. सभा पांगल्यावर एका मांत्रिकाने स्वतःच्या जबाबदारीवर बंगलचे पात्र पुसून टाकले. त्यानंतर कर्टिस यांनी अर्ज, सह्या आणि मतदान यांची पद्धत घालून दिली आणि रहिवासी आपले कायदे करू लागले. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये ही हकिकत लिहिली. तिच्या शेवटाकडे एक गोष्ट येते : पुसून टाकलेला माणूस काही काळाने दुसरे नाव घेऊन त्याच जगात परतला होता.

ही गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते. जिथे नाव बदलता येते तिथे गामिनीचा उपयोग मर्यादित असतो. अपराधी परतलाच, पण परतीच्या वाटेवर त्याला कोणाला तोंड दाखवावे लागले नाही, क्षमा मागावी लागली नाही, आणि पीडितांना क्षमा करण्याची किंवा नाकारण्याची संधीही मिळाली नाही. रहिवाशांचे स्वराज्यही फार टिकले नाही. १९९६ मध्ये मांत्रिकांनी पुन्हा जाहीर केले की सामाजिक निर्णयांतून अंग काढणे त्यांना शक्य नाही.

पुढच्या काळात याच तीन उत्तरांची निरनिराळी रूपे दिसतात. १९९९ मध्ये आलेल्या 'एव्हरक्वेस्ट' या खेळात अजस्र ड्रॅगन मारायला अनेकांची फळी लागे, आणि मिळालेली लूट वाटून घेताना भांडणे होत. तेव्हा खेळाडूंच्या संघांनी, ज्यांना तिकडे 'गिल्ड' आणि आपल्या स्मृतिग्रंथांत 'श्रेणी' म्हणतात, गुणांची एक खातेवही सुरू केली. मोहिमेला हजर राहिल्याचे गुण जमा. लूट उचलली की वजा. पुढे अशा खात्यांचा उपयोग शिस्तीसाठीही झाला : उशीर केला, आज्ञा मोडली, की गुण कापले. ही पद्धत कंपनीने दिलेली नव्हती. गड्यांनीच ती काढली. कबड्डीचा 'अमर' प्रकार ओळखणाऱ्यास ती परकी वाटणार नाही.

२००३ मध्ये आलेल्या 'अ टेल इन द डेझर्ट' या प्राचीन इजिप्तवर बेतलेल्या खेळात लढाई नव्हती. त्यात खेळाडू कायद्याचा मसुदा मांडत, सह्या गोळा करीत, मतदान घेत. आणि मंजूर कायदा कंपनी खेळात उतरवीत असे. तिथे निवडून आलेल्या 'डेमी-फॅरो'ला जास्तीत जास्त सात खेळाडूंना कायमचे हद्दपार करण्याचा अधिकार मिळे. सात ही मर्यादा लक्षात घेण्याजोगी आहे. ज्याच्याकडे सातच बाण आहेत तो प्रत्येक बाण विचार करूनच सोडील.

याउलट 'लीग ऑफ लेजंड्स' या अतिलोकप्रिय खेळाच्या कंपनीने २०११ मध्ये 'ट्रायब्यूनल' नावाचे लोकन्यायालय काढले. ज्याच्याविरुद्ध तक्रारी झाल्या त्याचे संभाषण इतर खेळाडूंपुढे ठेवायचे आणि त्यांनी शिक्षा की क्षमा असे मत द्यायचे. हे न्यायालय २०१४ मध्ये बंद पडले. इथे मतदार खेळाडूच होते, पण ते मंडळी नव्हते. आरोपीला त्यांनी कधी पाहिले नव्हते, उद्या त्याच्याबरोबर खेळण्याची त्यांना गरज नव्हती, आणि तो परत आला किंवा न आला तरी त्यांचा डाव अडणार नव्हता. गल्लीतल्या आठ जणांना क्षमा करणे भाग असते. लाखोंच्या गर्दीला ते भाग नसते. क्षमेचे मूळ उदारपणात कमी आणि या गरजेत अधिक असते, असे म्हणावेसे वाटते.

इथवरच्या विवेचनावरून मंडळीचा न्याय नेहमी चांगला, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा ठरेल. मराठीत खेळाच्या निवाडा करणाऱ्यालाही 'पंच' म्हणतात आणि जातपंचायतीत बसणाऱ्यालाही. भाषेने हे नाते लपवलेले नाही. माणसे आपापसांत नियम करतात, मोडणाऱ्याला आपणच शासन करतात, सरकारदरबारी जात नाहीत : द्यूतकरमंडलीचे हे सारे वर्णन जातपंचायतीलाही लागू पडते. आणि तिच्या हातातले सर्वांत मोठे शस्त्र 'वाळीत टाकणे' हे होते. पाण्यावर, पंगतीत, लग्नात, मयतीला कोणी नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. असा कायदा करावा लागला, यातच मंडळीच्या न्यायाची काळी बाजू नोंदलेली आहे. आपसांत मिटवण्याच्या साऱ्याच रीती अशा नव्हत्या, हेही सांगितले पाहिजे. पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आमच्याच जिल्ह्यात आहे. तांड्यातले तंटे नायक-कारभाऱ्यांसमोर नसाबीत बसून मिटवण्याची त्या समाजाची रीत जुनी आहे. राज्य शासनानेही २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम काढून गावकऱ्यांच्या समितीवर हाच भरवसा टाकला.

मग खेळातली मंडळी आणि जातीतली मंडळी यांत फरक कोणता? आमच्या मते तो दारात आहे. गल्लीतला पोरगा 'मी नाही खेळत, जा' असे म्हणून घरी जाऊ शकतो आणि उद्या परत येऊ शकतो. जातीतून असे निघून जाता येत नाही. म्हणून तिथला बहिष्कार जीवघेणा होतो. संवाहकाची वेदनाही हीच होती : परत खेळायला त्याला कोणी अडवलेले नव्हते, पण वर्तुळातून बाहेर पडायला वाट नव्हती. ती वाट वसंतसेनेने उघडली. तिने आपले कंकण पाठवून त्याचे ऋण फेडले, तो भिक्षू झाला, आणि आठव्या अंकात शकाराने गळा दाबून टाकलेल्या वसंतसेनेला त्याच भिक्षूने वाचवले. डावातून पळालेला गडी तिच्या प्राणांसाठी परत आला. शूद्रकाने त्याला वर्तुळातच संपवला असता तर हे नाटक आठव्या अंकातच शोकान्त झाले असते.

आजच्या पडद्यावरच्या खेळांची अडचण नेमकी उलटी आहे. तिथून बाहेर पडणे सोपे, पण बाहेर काढलेल्याला आपल्या नावाने आणि आपल्या मंडळीत परतणे कठीण. आमच्या विद्यार्थ्यांच्या पिढीने मालकाचा न्यायही पाहिला आहे आणि राजाचाही. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी 'पब्जी मोबाइल'वर बंदी घातली. तिच्या जागी २०२१ च्या जुलैत आलेला 'बीजीएमआय' २०२२ च्या जुलैत हटवला गेला आणि २०२३ च्या मेमध्ये परतला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायद्याने बंदी आणली. कौटिल्याचा द्यूताध्यक्ष जुगारातून वाटा घेई, आजच्या कायद्याने तो जुगारच नाकारला, एवढा फरक. लबाडी करणाऱ्याचे खाते कंपनी बंद करते तेव्हा निकाल यंत्राच्या भाषेत येतो. तो लागतो, पण कोणी कोणाशी बोलत नाही.

अशा वेळी मंगरूळपीरच्या किंवा रिसोडच्या चार पोरांनी आपल्याच एका भिडूला 'पुढचे दोन डाव तू बाहेर' असे सांगावे, यात आम्हांला फार जुने शहाणपण दिसते. दोन डाव म्हणजे तिसऱ्या डावाला तो आत आहे. शिक्षा सांगतानाच तिचा शेवटही सांगितला आहे. आणि ज्यांना ती मान्य नाही त्यांना दुसरा चमू शोधायची मोकळीक आहे. आमच्या वर्गांत आणि वाङ्मय मंडळांतही डाव मोडणारे असतात. चर्चेत दुसऱ्याला बोलू न देणारा, सूत्रसंचालनाचा शब्द देऊन ऐन वेळी न येणारा विद्यार्थी दरवर्षी भेटतो. त्याला बाहेर बसवण्याचा निर्णय आपण शिक्षक सहज घेतो. तो किती डाव बाहेर राहणार, हे मात्र सांगायचे विसरतो. ते पोरांनाच ठरवू द्यावे. त्यांना ते जमते.